डोळ्यांच्या पातळीत

“कधीपर्यंत भरलेलं हवंय तुम्हाला?” दुकानवालीने सहज विचारलं आणि हातात रोपाची इवलीशी कुंडी धरलेली ती जागच्या जागी थिजली. प्रश्न साधाच होता. माशांच्या टाकीत अगदी पुढे, काचेलगत लावायची बुटकी रोपं घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो विचारला जात असणार, शिंपी कापड चाचपता चाचपता विचारतो तसा. काही रोपं महिन्याभरात वाळूवर गालिच्यासारखी पसरतात, काहींना अर्धं वर्ष लागतं. गिऱ्हाइकाला घाई आहे की नाही एवढंच दुकानवालीला हवं होतं. पण ह्याच आवाजात, असंच मान किंचित तिरकी करून, सोमवारी श्वासाच्या डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, “कधीपर्यंत सांगाल?” तेव्हा उत्तर दादाने दिलं होतं. इथे दादा नव्हता. चहूकडे टाक्या बुडबुडत होत्या, जमिनीवर पाण्याचं थारोळं होतं, आणि दुकानवाली कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून उत्तराची वाट बघत उभी होती.

“बघते,” ती म्हणाली.

“बघा की. बघायला काय लागतंय?” दुकानवाली हसली आणि पुढ्यातला ट्रे तिच्याकडे सरकवला. “ही मॉन्टे कार्लो. बारीक गोल पानं, पसरते झकास. पण बाई नखऱ्याची. हिला उजेड पायजे, हिला पाण्यात सोडायला गॅसचा सिलिंडर पायजे, वर रोजचं कौतुक पायजे. माझ्या नवऱ्याने माझं केलं नाही एवढं.” मग दुसरी कुंडी. “हे हेअरग्रास. गवतच. लवकर येतं, पण कातरत राहावं लागतं. आणि ही मार्सिलिया. गरीब गाय. गॅस नको, उजेड बेताचा चालतो. पण अंगात घाई म्हणून नाही. आज लावाल, तर पुढच्या थंडीत म्हणाल की हो, भरलं.”

मार्सिलियाच्या एकेका देठावर चार-चार पानं होती, हातात हात घातल्यासारखी. हे रोप खरं तर नेच्याच्या कुळातलं, हे तिला माहीत होतं. कॉलेजात तिने त्याचे काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले होते. नर्सरीत ते हवेत वाढवतात तेव्हा चार पानं येतात. पाण्याखाली गेलं की ती चारही गळतात आणि मग जी नवी पानं फुटतात ती एकेकटी, देठावर एकच. जगायला लागेल तेवढंच ठेवायचं, बाकी सोडून द्यायचं. तेव्हा वहीत तिने ‘परिस्थितीशी जुळवून घेणे’ असं लिहिलं होतं आणि खाली रेघ ओढली होती. आता ट्रेवर वाकून ती चार पानांकडे बघत राहिली. पुढच्या थंडीत. ही कुंडी घेतली म्हणजे पुढच्या थंडीतही बाबा टाकीसमोरच्या पलंगावर असतील असं ठरवून टाकल्यासारखं होतं. दुसरी घेतली, महिन्याभरात भरणारी, की उलटं ठरवल्यासारखं. ती दोन्ही कुंड्यांपासून हात काढून घेऊन नुसती उभी राहिली.

सोमवारी डॉक्टरबाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं होतं. चित्र चांगलं नव्हतं. गळा बाटलीसारखा आला होता. बाटलीच्या मानेला एक भोक, भोकात नळी, नळीला मशीन. बाबांच्या छातीचे स्नायू थकत चाललेत, आता ते काम मशीन करेल. कित्येक वर्षंसुद्धा करेल. पण बाकीचा आजार थांबणार नाही. हात गेले, पाय गेले, आवाज गेला, तसे पुढेमागे डोळेही हलायचे बंद होऊ शकतात. आणि मशीन नाही लावलं तर एखादा साधा कफ पुरेल. घुसमट होणार नाही एवढं औषध आम्ही देऊ, पण मग ते शेवटचंच समजा. “कधीपर्यंत सांगाल?” ह्याला दादा “आठवड्याभरात” म्हणाला. “चालेल,” त्या म्हणाल्या, “धावपळीत ठरवायची वेळ येऊ देऊ नका.” आणि मग पेनाचं टोपण लावत, “त्यांना विचारलंत का?” बाबा पलीकडच्या खोलीत चाकाच्या खुर्चीत होते, दार अर्धवट उघडं. दादा पटकन म्हणाला, “त्यांना कशाला ताण? आम्ही आहोत ना ठरवायला.” तिने मान हलवली होती. हो म्हणून की नाही म्हणून, तिला आता आठवत नव्हतं. मान हलली होती एवढं खरं. बाहेर आल्यावर दादा लिफ्टपाशी म्हणाला, “मशीन लावायचं. ह्यात विचार करण्यासारखं काय आहे? श्वास चालू पाहिजे, बस.” आणि तिला हायसं वाटलं होतं. तिलाही तेच हवं होतं. कुणीतरी मोठ्या आवाजात म्हणायला हवं होतं, ते दादाने म्हटलं.

टाकी मात्र तिची होती. बाबा आजारी पडायच्या आधी ती दिवाणखान्यात, खिडकीपासून लांब, उंच स्टँडवर होती. बाबा तेव्हा तिला चिडवायचे, “घरात माणसांना जागा नाही आणि मोजपट्टीच्या माशांना बंगला.” मोजपट्टी म्हणजे ती. लहानपणी घरातली प्रत्येक वस्तू ती वीतभर पट्टीने मोजत सुटायची, तेव्हापासून बाबांनी तिला दुसऱ्या नावाने क्वचितच हाक मारली. ते स्वतः इमारतींच्या कामावर सुपरवायझर. आयुष्य सिमेंटच्या धुळीत आणि मुकादमांशी भांडण्यात गेलं. मग एके दिवशी चहाचा कप हातातून सुटला, पुढे पायरी चुकायला लागली, जीभ जड झाली, आणि पलंग आला. पलंगावर ते डाव्या कुशीवर निजत, कारण त्या कुशीवर श्वास सोपा जायचा. डाव्या कुशीला समोर कोरी भिंत. त्या भिंतीशी टाकी आणायची कल्पना तिचीच. उंच स्टँड काढून तिने बुटका बाक बनवून घेतला. बाबांची जीभ तेव्हा थोडीफार चालायची. ते म्हणाले, नळी आण. पाण्याची पारदर्शक लांब नळी, त्यांच्या कामावरची. पाणी कुठेही आपली पातळी सोडत नाही, तेव्हा नळीचं एक टोक इथे धरायचं, दुसरं तिथे, की दोन्हीकडचं पाणी एका रेषेत. एक टोक तिने त्यांच्या डोळ्यापाशी धरलं, दुसरं मावशींनी टाकीच्या काचेशी. मावशी म्हणजे दिवसा त्यांच्यापाशी थांबणाऱ्या बाई. “टोकं बदल,” बाबा एकेक शब्द ओढत म्हणाले, “बदलून बघ.” एका बाजूने घेतलेली पातळी त्यांच्या लेखी पातळीच नव्हती. नळीत कुठे हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, कुणाचा हात हललेला असतो. टोकांची अदलाबदल करायची, तरी रेषा तीच आली तर खूण करायची. तिच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतही प्रत्येक नमुना दोनदा तपासत, पण तिथे तो नियम होता. बाबांचा तो स्वभाव होता. बाकाखाली पाचर घालून रेषा जुळली आणि बाबांच्या डोळ्यासमोर टाकीचा पुढचा तळ आला, तंतोतंत. मागची उंच रोपं, लाकूड, वरचं पाणी त्यांना नीट दिसत नसे. त्यांच्या वाट्याला आली ती पुढची हिरवी पट्टी. तेव्हा तिथे मॉन्टे कार्लो होती, दाट, उशीसारखी वर आलेली.

आणि ती गेल्या शुक्रवारी उचलली गेली. संध्याकाळी ती कामावरून आली तर अख्खा गालिचा पाण्यावर तरंगत होता, खालची बाजू वर, काळी, कुजकी, केसांसारख्या मुळ्यांची. खाली उघडी वाळू, विस्कटलेली. खोलीभर नाल्याचा वास. मावशी म्हणाल्या, “दुपारी एकदम वर आलं हो. मी जपमाळ ओढत बसले होते, बघते तर काय.” बाबा त्या उघड्या वाळूकडे बघत होते.

“काय लावलं होतंत आधी?” दुकानवाली विचारत होती. तिने सांगितलं. “आणि उचललं गेलं,” दुकानवालीने वाक्य पुरं केलं, जसं काही नात्यातल्याची बातमी आधीच कानावर आलेली. “कातरलं नसणार.”

“वेळ नव्हता. घरात आजारपण आहे.”

“ह्याला नाही हो कळत आजारपण. वरचे थर वाढत जातात, खाली उजेड पोचत नाही. खालचं सगळं मरतं, मुळं सुटतात, आणि वरून बघणाऱ्याला काय? हिरवंगार. लोक फोटो काढून पाठवतात मला, बघा कसलं आलंय. आणि आठ दिवसांनी फोन, ताई, वर आलं.” ती स्वतःच्या विनोदावर हसली. “बाजूने बघितलं नाहीत का कधी? ह्या इथे बसा. बसा खाली.”

ती ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसली. पुढ्यात दुकानातली मोठी टाकी होती. उभ्याने तिच्यात ताजं, पोपटी हिरवं दिसत होतं. आता काचेशी डोळा आला आणि त्या हिरव्याचा काप दिसला, सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचा तसा थराथराने. वर बोटभर पोपटी. त्याखाली पिवळं. त्याखाली तपकिरी, चिकट, आणि वाळूला टेकता टेकता काळं. हिरव्याला काळ्याने नुसतं खांद्यावर घेतलं होतं.

“हे असं किती आधी दिसायला लागतं?” तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

“महिनाभर तरी. डोळा ह्या पातळीला असला तर. पण एवढं खाली वाकून बघतंय कोण?”

गुडघ्यातून पाणी आत झिरपत होतं. ती उठली नाही. बघत होते, बाबा बघत होते. महिनाभर, कुशीवर, गाल उशीवर दाबलेला, ह्याच पातळीला, तिने स्वतः नळी धरून मोजून दिलेल्या पातळीला. रोज सकाळी ती उभ्याने टाकीत खाऊ टाकायची, वरून हिरवंगार बघायची आणि म्हणायची, “बाबा, बघा कसलं भरलंय.” आणि ते दोनदा डोळे मिटायचे. एकदा मिटले म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ही खूण त्यांनीच ठरवली होती, जीभ पूर्ण जायच्या आधी. कामावर माल वर चढवणाऱ्या पाळण्याला असा इशारा असे: खालच्याने पाइपावर एक ठोका दिला की ओढा, दोन दिले की थांबवा. थांबवा म्हणजे तिथल्या तिथे. का म्हणून वरच्याने विचारायचं नाही, आधी हात थांबला पाहिजे. तर ते दोनदा डोळे मिटायचे. पुन्हा दोनदा. पुन्हा. तिने काहीच विचारलेलं नसायचं, मग नाही कशाला? मावशी म्हणाल्या, “डोळे चुरचुरत असतील, पंखा लागतो ना तोंडावर.” तिला ते पटलं होतं, पापण्या मिटणं कमी झालं की डोळे कोरडे पडतात, शास्त्रीय कारण होतं. तिने थेंब आणले. रोज सकाळी ती त्यांची पापणी बोटाने वर धरायची, थेंब टाकायची, कापसाने गालावरचा ओघळ टिपायची आणि कामाला जायची. ते दोन ठोके देत होते आणि ती त्यांच्या डोळ्यात औषध घालत होती.

“ताई, उठा, कपडे भिजले,” दुकानवाली म्हणाली. तिने तिन्ही कुंड्या घेतल्या. “तिन्ही? लग्नाला स्थळं दाखवायचीत का कुणाला?” दुकानवालीने ओल्या कागदात कुंड्या गुंडाळल्या, पिशवीला गाठ मारली.

रस्त्यावर ऊन होतं. पिशवी पायावर आपटत होती. दादाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असतो, सोमवारपुरता आला होता, एरवी तिथूनच सगळी व्यवस्था बघतो, आणि मनापासून बघतो. मावशी त्यानेच शोधल्या, पलंग त्यानेच पाठवला. “मी त्या मशीनवाल्याशी बोललोय,” तो म्हणाला. “डॉक्टरांना उद्या हो कळवून टाकू. कुठे आहेस?”

“टाकीसाठी रोपं घ्यायला आले होते.”

“अजून ती टाकी? प्लॅस्टिकचं गवत लाव ना बाई. कुजायला नको, कातरायला नको. त्यांना काय फरक पडतोय?”

“दादा, त्यांना विचारायला हवं.”

“प्लॅस्टिकचं?”

“मशीनचं.”

पलीकडे गाड्यांचा आवाज आला. “घाबरवायचंय का त्यांना?” तो हळू आवाजात म्हणाला. “आणि ते नाही म्हणाले तर? मग काय करशील, सांग ना. ऐकशील?” त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. म्हणून तर डॉक्टरबाईंपुढे तिची मान नुसती हलली होती. विचारलं नाही तोवर बाबा जगायला तयार होते. तिच्या डोक्यात ते कधीपासून तयारच होते, त्यांना तयार ठेवण्याचं काम ती रोज वरून बघून करत होती.

घरी मावशी बाबांचं तोंड पुसत होत्या. “आलात? आज जरा धाप जास्त आहे,” त्या म्हणाल्या आणि पिशवीकडे बघून, “नवी झाडं का? बरं झालं, ते भुंडं बघवत नव्हतं.” तिने त्यांना चहा ठेवायला सांगितलं. मग खुर्ची ओढली, ती परत सारली आणि फरशीवर बसली, पलंगाच्या कडेला पाठ लावून, डोकं बाबांच्या उशीएवढ्या उंचीवर आणून. ह्या जागेवरून तिने ही खोली कधी बघितलीच नव्हती. टाकीच्या तळाला विस्कटलेली वाळू, तिच्यात तुटक्या मुळ्यांचे काळे तुकडे, आणि वर सगळं पाणीच पाणी, माशांची फक्त पोटं. कानामागे बाबांचा श्वास चालला होता, वर चढताना अडखळणारा, मग सुटणारा.

तिने वळून मॉन्टे कार्लो त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. “बाबा, ही लावू? लवकर भरेल.” डोळे मिटले, उघडले, मिटले. नाही. हेअरग्रास. दोनदा. मार्सिलिया उचलताना तिचा हात ओला होता आणि कुंडी निसटायला बघत होती. “ही सावकाश येते. पुढच्या थंडीपर्यंत.” त्यांनी कुंडीकडे बघितलं. त्या चार-चार पानांवरून नजर फिरली, अगदी सावकाश, कामावर विटांचा ढीग बघताना फिरायची तशी. तिच्या मनात काहीतरी वर यायला लागलं, वेडंवाकडं, आशेसारखं. मग डोळे मिटले. उघडले. मिटले.

“काहीच नको?” एकदा. टोकं बदलून बघायची. “काहीतरी लावू?” दोनदा. रेषा तीच होती.

तिने कुंडी खाली ठेवली. बाबांची नजर टाकीकडे गेली नाही. ती तिच्या तोंडावर येऊन थांबली होती आणि तिथून हलत नव्हती. पगाराच्या दिवशी एखादा मुकादम इकडचंतिकडचं बोलत राहिला की बाबा असे बघायचे. मग म्हणायचे, सरळ बोल. डॉक्टरबाईंच्या त्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, हे तिला आत्ता, सोमवारनंतर पहिल्यांदा, पूर्ण आठवलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चार दिवस ते ह्या प्रश्नाची वाट बघत होते.

“बाबा,” ती म्हणाली, “गळ्याला भोक पाडून मशीन लावायचं म्हणतात. ते श्वास घेईल. बरीच वर्षं घेईल. बाकी काही परत येणार नाही. नाही लावलं तर थोडेच दिवस.” स्वयंपाकघरात चमचा कपाला लागल्याचा आवाज आला. “लावायचं?”

मिटले. उघडले. मिटले. उघडले.

तिला वाटलं, पंखा लागतोय तोंडावर. डोळे चुरचुरत असतील. थेंब कपाटात होते, हात लांब केला की मिळणारे. तिने हात मांडीवरच दाबून ठेवला. नळीत बुडबुडा असतो, कुणाचा हात हललेला असतो, असं स्वतःला सांगत तिने टोकं बदलली. “मशीन न लावता असंच राहू द्यायचं?”

डोळे मिटले. मिटलेलेच राहिले, एवढा वेळ की तिला भीती वाटली. मग उघडले आणि उघडेच राहिले.

तिने त्यांच्या हातावर कपाळ टेकलं. हाताला वजन होतं, ऊब होती, उत्तर नव्हतं. उत्तर देऊन झालं होतं. चहा घेऊन आलेल्या मावशी दारातच उभ्या राहिल्या आणि कप घेऊन परत गेल्या.

दादाला तिने स्वयंपाकघरातून फोन केला. तो म्हणाला, “तू विचारलंसच.” आणि मग ओरडला, “दोनदा विचारलंस म्हणजे काय मोठं केलंस? पापण्या आहेत त्या! पापण्यांवर माणूस सोडून द्यायचा?” आणि मग त्याचा आवाज लहानपणी खेळात हरल्यावर व्हायचा तसा झाला. “मी निघतो,” तो म्हणाला. “मी स्वतः विचारतो. मग बघू.” “ये,” ती म्हणाली, “खाली बसून विचार.” त्याला ते कळलं नसावं. ओट्यावर एका भांड्यात पाणी घालून मावशींनी तिन्ही कुंड्या ठेवल्या होत्या. खिडकीतल्या उजेडात त्या फार चांगल्या दिसत होत्या.

खोलीत येऊन तिने बाही वर केली. पाणी गार होतं. मुळ्यांचे काळे तुकडे तिने एकेक करून वेचले. मग बाबांची पोलादी पट्टी घेतली आणि वाळू सपाट करायला लागली, मागून पुढे, काचेपर्यंत. गाळ उठला, सगळं धूसर झालं. तो बसेपर्यंत ती फरशीवर बसून राहिली. त्यांच्या कामावर फरशी बसवण्याआधी असा वाळूचा थर द्यायचे. तो सपाट झाला की बाबा थोडा वेळ कुणाला आत जाऊ देत नसत. एकटेच उंबऱ्यात उभे राहून बघायचे. ती डबा घेऊन गेली की तिलाही तिथेच थांबवायचे. ते काय बघतात हे तिला तेव्हा कधी कळलं नव्हतं. नुसती तर वाळू.

गाळ बसला. काचेमागे एक सरळ रेघ आली, इकडून तिकडे, कुठे चढ नाही, उतार नाही. बाबांची नजर त्या रेघेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. मागच्या लाकडाखालून तळात राहणारा मिशाळ मासा बाहेर आला, पुढच्या मोकळ्या जागेत जरा बिचकला, आणि मग तोंड खुपसत, उकरत, वाळूतून एक वाकडी चरी काढत निघून गेला. ती उठली. हात पाण्यात घातला, पट्टी चरीवर टेकवली.

मागे काही आवाज झाला नाही. तरी तिने वळून बघितलं.

बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

तिने हात बाहेर काढला.